गार्गी घरी एकटी राहिली!

प्रिय अहो आई,

राहिली हो, राहिली! तुमची नात आज शाळेतून येऊन घरी एकटी राहिली! साडेसहापर्यंत राहायची होती, पण सव्वापाचलाच मी धापा टाकत पोचले. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहितेय.

तुम्ही आम्हाला कायमच्या सोडून गेल्यापासून सहा महिने मी सुट्ट्या काढकाढून दिवस ढकलले. साहेब म्हणाले, आता पुरे. आज जमलं नसतं तर उद्या राजीनामा देणार होते. लिहूनही ठेवला होता.

आठवतं, या एकटं राहण्यावरून केवढं वाजायचं आपलं? "दहा वर्षांची घोडी झालीय, राहू दे की!" मी म्हणायचे. "बारा पूर्ण होऊ देत, मग बघू," तुम्ही. एकदा तर मी तोंड सोडलं, "तुम्हीच तिला पांगळी करताय!" तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं. चहा घेणार का?" असं कसं बोलले मी तुम्हाला? आई, माफ करा.

आज साडेचारला खराडीच्या ऑफिसातून घरी फोन केला. उचलेना. पाच मिनिटांत चारदा केला! रिक्षा पकडली आणि रडतच घर गाठलं. बाईसाहेब निवांत दूध पीत बसलेल्या!

"फोन का नाही घेतलास?"

"दूध तापत होतं. तेव्हा गॅसपासून हलायचं नाही, आजीनं सांगितलंय. मग मी केला, तर तुझाच लागेना."

"तुला गॅस लावता येतो?"

"आई, मी कधीपासून एकटी राहते! आजी खाली बाकावर जाऊन बसायची. आधी दहा मिनिटं, मग तासभर. तुला सांगू नको म्हणाली. तू ऑफिसात जीव टांगणीला लावून बसशील ना!"

अहो, कमाल आहे तुमची! दुखरे गुडघे घेऊन तासभर त्या बाकावर? आणि मला एका शब्दानं सांगू नये? मी इतकी का परकी होते? रागावू की नाचू, तेच कळत नाहीये!

राजीनामा फाडला. आता तिला क्लासला एकटीनं सायकलवरून जायचंय. तुम्हाला शब्द देते, मी नाही म्हणणार नाही. पहिले काही दिवस लांबून मागेमागे जाईन, आणि तुमच्या लेकाला अजिबात सांगणार नाही.

तुमची भांडखोर सून,
वृषाली