ठिपका घरीच आहे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दोन घड्यांचा फोन आला बाजारात! मिटला की फोन, पूर्ण उघडला की टॅब. व्हिडिओ दोनदा बघितला. बिजागरी सुरेख आहे, खोटं कशाला बोलू. पण घड्याच घालायच्या तर आमच्याकडे खाटेवर ढीगभर कपडे पडलेत! आणि त्या बिजागरीत धूळ गेली की खेळ खलास. फोन बनवणाऱ्यांनी भाताची मळणी कधी बघितली नसणार. सध्या अब्बांचा टेम्पो रोज भाताची पोती वाहतोय, त्यांच्या फोनच्या स्पीकरमधून काल मी टाचणीने तूस काढलं.

असली मतं आधी फोनमध्येच लिहायचे. पण तिथल्या नोट्स शाकिरच्या टॅबवरही उघडतात, खातं एकच आहे. धाकट्या भावाला कळलं की जेवताना सगळ्यांना कळतं. म्हणून ही वही. हिला चार्जिंग लागत नाही आणि लोकेशनही नाही.

४ नोव्हेंबर

मेल आला. बोलावलंय!!

५ नोव्हेंबर, बुधवार

काल लिहिताच येईना. पुण्याची कंपनी, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम. ऑनलाइन परीक्षा पास झाले, आता समोरासमोर मुलाखत — १८ तारखेला, बाणेरला. तीन दिवस ऑफिसात, बाकी घरून. लोकांच्या ॲपमधल्या चुका काढायच्या आणि वर पगार! मी तर आजवर फुकटात काढत आले.

रात्री जेवताना अब्बांना सांगितलं. भाकरी मोडायची थांबली.

"घरी बसून समदं हुतं, आसं तूच म्हनायचीस की. मंग त्यांना सांग, हितनंच बघते."

"अब्बा, समोर बोलावलंय त्यांनी."

"मंग? व्हिडिओवर मानूस समोरच आसतंय की."

लॉकडाऊनमध्ये मीच घसा कोरडा करून त्यांना हे पटवलं होतं. आता माझंच बोलणं माझ्या पुढ्यात. मी म्हटलं, सकाळी जाऊन संध्याकाळी येते. अब्बा म्हणाले, न्हाई. आणि हात धुवायला उठले.

अम्मी भाकऱ्या थापत होती. एक शब्द बोलली नाही. ती कधीच बोलत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज क्लासहून येताना चपलेचा अंगठा तुटला. बँकेपाशी चांभार बसतो, तिथे थांबले. लगेच फोन — "फौजे, बँकेपाशी कशाला थांबलीयास?" अब्बा तेव्हा कुठे, तर कापूरहोळला!

हे ॲप मीच घरात आणलं. दोन वर्षांपूर्वी जुलैत वरंधा घाटात दरड कोसळली आणि अब्बा रात्रभर टेम्पोत अडकले. फोन लागेना. अम्मी सकाळपर्यंत उंबऱ्यात बसून होती. ते बघवलं नाही, म्हणून चौघांना एका नकाशावर टाकलं. चार हिरवे ठिपके, प्रत्येकावर नाव, खाली बॅटरी किती. तेव्हा मला किती अभिमान वाटला होता! ज्या माणसाला गजर लावता येत नव्हता, तो एका दिवसात नकाशा मोठा करायला शिकला.

आता त्या नकाशावर अब्बा फक्त एकच ठिपका बघतात. शाकिरने तीन दिवस लोकेशन बंद ठेवलंय — "बॅटरी वाचवतोय" म्हणे. बंद केलं की सगळ्यांना तसा मेसेज जातो. तो मेसेज अब्बांनी माझ्यासमोर अंगठ्याने सरकवून टाकला. मी बंद केलं तर?

अम्मीचा ठिपका घरी. बॅटरी शंभर टक्के. कायम घरी, कायम शंभर टक्के. तिचं माहेर भाटघर, इथून हाकेच्या अंतरावर. पण जाते म्हटली की अब्बा विचारतात, "घर कोन बघनार?" आणि ती थांबते.

मला कोंडल्यासारखं होतंय. बाहेर असते तेव्हाही मी घरातच असते. श्वास घेतला तरी कुणीतरी मोजतंय असं वाटतं.

९ नोव्हेंबर, रविवार

लॅपटॉपवर आता एआयसाठी वेगळं बटण देतात. नसरीनआपाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना एंटर सापडायला आठवडा लागतो, त्यात आणखी एक बटण! मी तिथे दुपारी शिकवते. आज शिकवलं — फोन लॉक असताना वर येणारे मेसेज झाकून ठेवा, नाहीतर कुणीही तुमचा ओटीपी वाचेल. सगळ्यांनी माझ्यासमोर सेटिंग बदललं. माझ्या फोनवर मात्र सगळं उघडंच, आळस! शिकवणारीचं घर असंच असतं.

१८ तारखेसाठी ठिपक्याला फसवायचे मार्ग शोधले. खोटं लोकेशन दाखवणारी ॲप आहेत. एक नीट तपासलं — कॉन्टॅक्ट, फोटो, माइक, सगळ्याची परवानगी मागतंय. अब्बांच्या नजरेतून सुटायचं आणि कुणा परक्याच्या खिशात जायचं! नको.

१२ नोव्हेंबर

बातमी: रेंज नसली तरी आता उपग्रहावरून मेसेज जाणार. वा! म्हणजे हिर्डोशीच्या पुढे रेंज जाते, तिथेही सुटका नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा विचारलं. अब्बा टेम्पो धूत होते. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत, ते जास्त वाईट.

"त्या रात्री घाटात माज्या फुडची गाडी खाली गेली, फौजे. म्या बघितली. तवापास्नं कुनी बाहीर आसलं की मला चैन पडत न्हाई."

"शाकिरचं काय मग?"

"त्यो ऐकतो व्हय माजं?"

म्हणजे मी ऐकते म्हणून मी अडकले! डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कशाचं कळेना. धड रागही धरता येत नाही या माणसावर. त्यांनी बादली रिकामी केली आणि म्हणाले, "च्या सांग अम्मीला."

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुचलं. इतके दिवस ॲप, सेटिंग, काय काय धुंडाळत बसले. फोन घरी ठेवायचा! बास.

उद्या अब्बा पासलीला भात आणायला चाललेत. वेल्ह्याच्या पुढे रेंज जाते, दिवसभर ते नकाशा बघू शकणार नाहीत. अम्मीला सांगितलं, उद्या दिवसभर नसरीनआपाकडे परीक्षा आहेत, फोनची बॅटरी गेलीय, चार्जिंगलाच राहू दे. नसरीनआपाला खरं सांगितलंय. ती म्हणाली, "जा गं, मी बघते."

रस्ता कागदावर काढून घेतला. स्वारगेटहून कुठली बस, कुठे उतरायचं. नऊ वर्षांची असल्यापासून जिच्या हातात कुठला ना कुठला फोन आहे, तिने कागदावर बाण काढले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परत आले. अब्बा अजून आलेले नाहीत. लिहिलं तर बरं वाटेल.

एसटीत बसल्यापासून हात पर्समध्ये जाऊन फोन शोधत होता. दर थोड्या वेळाने! नसरापूर फाट्यावर चहाच्या टपरीपाशी आमचा टेम्पो उभा. अब्बा पाठमोरे, कप हातात. मी ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली आणि खाली वाकून चपलेशी खेळत बसले. एसटी सुटेना. शेजारच्या बाईने विचारलं, "उलटी हुतीय का?" मी मान हलवली. तिने खिडकीची जागा मला सोडली, मला नेमकी तीच नको होती!

कंपनीच्या फाटकात वॉचमन म्हणाला, "मोबाईल नंबर सांगा, ओटीपी येईल, तो दाखवला की पास."

फोन घरी राहिलाय म्हटलं.

"मुलाखत कशाची आहे?"

"सॉफ्टवेअरची."

तो इतका हसला की त्याच्या टोपीची क्लिप सुटली. पण भला माणूस, स्वतःचा फोन दिला. आणि मला पाठ नंबर एकच — माझा! ओटीपी त्याच्यावरच गेला, म्हणून तिथेच फोन लावला.

रिंग वाजत राहिली. मग अम्मी.

"कोन?"

"अम्मी, मी."

"आगं, तुजा मोबाईल माज्या हातात हाय. तू कुनाच्यावरनं बोलतीस?"

"अम्मी, त्याच्यावर एक मेसेज आलाय. आकडे आहेत. वाचून दाखव."

मागे कुकरची शिट्टी झाली.

"तू कुठं हायेस?"

परीक्षा, नसरीनआपा, सगळं तोंडाशी आलं होतं. निघालं भलतंच. "पुण्यात."

मला वाटलं, तिने फोन ठेवला. मग एकेक आकडा, बाजारात निवडून घ्यावा तसा सावकाश. "चार... शून्य... शून्य... नऊ... दोन... येक. झालं?"

"झालं."

तिने फोन ठेवला. माझं आळशी सेटिंग कामाला आलं आणि माझं बिंगही फुटलं.

मुलाखत घेणाऱ्या सुलक्षणा मॅडम. विचारलं, रोजच्या वापरातल्या ॲपमधली एखादी चूक सांगा. मी म्हटलं, आमचं घरचं लोकेशनचं ॲप. फोन जिथे आहे तिथे माणूस आहे असं ते धरून चालतं. माणसाने फोन ठेवून जायचं ठरवलं तर त्याला पत्ता लागत नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"तुमचा फोन आत्ता कुठे आहे?"

"घरी."

त्या हसल्या. मग खूप प्रश्न विचारले आणि मला उत्तरं येत होती! अम्मीचा आवाज कानात होता तरी येत होती.

घरी आले तर अम्मी कांदा चिरत होती. "च्या ठिवलाय," एवढंच. माझा फोन फळीवर, चार्जरपासून सुटा. बॅटरी निम्म्याच्या खाली. सकाळी पूर्ण भरलेली होती! घरात पडल्या पडल्या एवढी कशी उतरली?

टेम्पोचा आवाज आला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल जेवायला बसलो. शाकिर टॅबमध्ये. अब्बांनी फोन ताटाशेजारी उताणा ठेवला. पहिला घास घेतला आणि म्हणाले, "फौजे, आज नदीवर काय करत व्हतीस?"

मला कळेचना. नदी? मी तर पुण्यात होते!

"वेल्ह्याला आल्यावर रेंज आली, तर तुजा ठिपका नीरेच्या घाटावर. नसरापूरला आलो, तरी तिथंच."

मी अम्मीकडे बघितलं. ती आमटी वाढत होती.

"म्याच म्हनलं जाऊन ये," अम्मी म्हणाली. "सारखी हितं नायतर क्लासात. जरा वारं लागूंदे की पोरीला. नदी काय तिला घिऊन पळून चाललीय?"

अब्बांनी तिच्याकडे बघितलं. अम्मी एवढी वाक्यं एका दमात बोलते हे त्यांना माहीत नसावं. मलाही नव्हतं. मग म्हणाले, "सांगून जात जा." आणि आमटी मागितली.

भांडी घासताना मी हळूच विचारलं. ती राख चोळत राहिली.

"दिसभर ठिपका घरात बघितला आस्ता तर फोन केला आस्ता त्यांनी, फौजीला दे म्हनून. म्हनून दुपारी तुज्या क्लासपतुर घिऊन गेले. आन् तितनं माघारी यायचं व्हतं."

"मग?"

"मग न्हाई आले." ताट पालथं घातलं. "लई दिसांनी पान्यात पाय सोडून बसले गं. कुनी बघत नव्हतं. माजा मोबाईल घरीच व्हता."

मी खोलीत येऊन नकाशा उघडला. चार ठिपके. अम्मी — घरी, शंभर टक्के. दोन वर्षं हे मी चार्जिंगचा विनोद म्हणून बघत होते. मला लाज वाटली आणि रडूही आलं. अडकलेली मी एकटीच, असंच मी धरून चालले होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मेल आला. दुसरी फेरी, पुन्हा समोरासमोर, गुरुवारी. फक्त अम्मीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मोबाईल घरीच ठिवून जा," म्हणाली. "आन् चार्जिंग भरून ठिव. भाटघरला जाऊन यायला पुरलं पायजे. अब्बांनी इचारलं तर सांग, नानीकडं गेलते."