पेवातली मुंबई

५ मार्च १९६४, हरिपूर

शाळेत अर्ज देऊन आलो. कावीळ, पंधरा दिवस विश्रांती. हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, डोळे तर पांढरेच दिसतात तुमचे." घरी बायकोला, विमलला सांगितलं, सिनेमात नायकाच्या थोरल्या भावाचं काम आहे. दोन्ही खोटं. तासगावहून एस.टी.नं सांगली, पुढं टांगा.

काम राक्षसाचं आहे. मुंबईच्या पोटातल्या गटारात राहतो, माणसं ओढून नेतो. एवढ्या उंचीचा दुसरा कुणी मिळाला नाही म्हणून मी. साहेब (दिग्दर्शक, मुंबईचे) म्हणाले, "हे पार पाडा, पुढच्या चित्रात चेहरा दाखवू तुमचा."

शाळेच्या स्नेहसंमेलनात माझ्या नाटकाला पडलेली टाळी फार वाईट. अजून कानातून जात नाही.

६ मार्च

गटाराऐवजी हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं. चार पुरुष खोल, तोंड माणूस मावेल एवढंच, आत मात्र खोलीएवढं ऐसपैस. नवी हळद आत जायच्या आधी शूटिंग उरकायचं. पेवांची राखण करणारे तुकाराम आबा आधी कंदील दोरीनं खाली सोडतात. मला म्हणाले, "मास्तर, बत्ती इझली तर उतरायचं न्हाई. हवा मेलेली असती. झोप लागल्यागत माणूस जातं."

साहेब वरूनच डोकावतात. उतरले नाहीत.

७ मार्च

राक्षस अंगावर चढला. गोणपाट, ट्रकच्या जुन्या ट्यूबा, काथ्या, वरून डांबर. पाठीवर मोठं कुबड, तोंडावर मुखवटा. हाताला बोटं नाहीत, नुसते पंजे. तोंडातून वर येत नाही म्हणून खालीच घालायचा. पोती शिवणारा हमाल दाभणानं पाठ शिवतो नि वर जातो. उसवेपर्यंत मी आत. नाक खाजलं तरी खाजवता येत नाही. दोनदा ओरडलो, "काढा!" साहेबांना वाटलं, अभिनय. म्हणाले, "वा!"

९ मार्च

नायिका कुसुमताई. नाटक कंपनीत आठ वर्षं सखीची कामं केली, आता पहिल्यांदा नायिका. जेवताना म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला परत जायला शाळा आहे. मी परत गेले तर पुन्हा हातात तबक घेऊन मागं उभी."

मी म्हणालो, शाळा आहे खरी, पण कळलं तर राहणार नाही.

विमलचं पत्र. शेजारणींना सांगून झालंय तिचं. सिनेमा लागला की सगळ्या मिळून बघायला जाणार. शाळेच्या कानावर नाही गेलं म्हणजे मिळवली.

१० मार्च

 पालथा पडून लिहितोय.

दुपारचा शॉट, म्हणून उन्हाचा उजेड येऊ नये अशी पेवाच्या तोंडावर ताडपत्री. नायिका बेशुद्ध, राक्षस तिला उचलतो. कंदिलाचा उजेड चित्रात येतो म्हणून साहेबांनी तो वर ओढायला लावला. आबा नको नको म्हणत होते. खाली आम्ही दोघं आणि कॅमेरावाला. त्याचं रीळ संपलं, तो वर गेला. मला उसवून परत शिवायला वेळ जातो, म्हणून साहेब वरून म्हणाले, "तुम्ही राहा खालीच." कुसुमताई म्हणाल्या, मी थांबते सोबतीला.

तेवढ्यात गिरणीतून घेतलेली वीज गेली. डोळे फोडून घेतल्यागत अंधार. आधी हसलो. मग ताई म्हणाल्या, "मास्तर, मला झोप येतीय."

बोंबललो. मुखवट्याच्या आतच आवाज फिरत राहिला. ज्यातून आम्ही चढायचो-उतरायचो तो दोरीचा फास चाचपडून सापडला. पंज्यांत धरवेना, मनगटांनी ढकलत ताईंच्या काखेतून घातला. वरच्यांना खूण म्हणून दोरी हिसकली. ताई वर गेल्या.

दोरी परत यायला किती वेळ लागला, माहीत नाही. मला विमल दिसायला लागली होती, भाकरी थापताना. फासात शिरलो. ओढलं. आणि कुबड पेवाच्या तोंडात अडकलं. डोकं वर, बाकीचा मी खाली. ना वर, ना खाली. वरून आबांचा आवाज, "हालू नगंस रं बाळा!" त्यांनी हात घालून विळ्यानं पाठ फाडली. थोडी माझीही.

११ मार्च

दवाखान्यात जाता येत नाही. सांगलीत ओळखीचे फार. काविळीच्या माणसाच्या पाठीत विळा कसा लागला, काय सांगू? आबांच्या सुनेनं जखमेत हळद भरली. कुसुमताई बऱ्या आहेत, पण डोकं उठलंय.

साहेब आले. पाठ पाहिली नाही. "कॅमेरा चालू असता तर काय सीन झाला असता!"

आबांनी पेव बंद केलं. साहेबांना तोंडावर म्हणाले, "आवं, माणसं हायत ती. तुमच्या खेळापायी मारायला दिल्यात का आमी?"

१३ मार्च

साहेबांनी दुसरा पेवमालक गाठला. शेवटचा प्रसंग राहिलाय, एक दिवसाचा. मी नाही म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "मग तुमच्या शाळेत विचारून बघतो, उंच माणूस दुसरा कोणी आहे का."

आबा म्हणतात, "पळ. मी टांगा बोलावतो." पळून जाऊ कुठं? शाळा तासगावातच, घरही तासगावातच.

१४ मार्च

साहेबांना अट घातली. तुम्ही खाली उतरायचं. प्रसंग संपेपर्यंत माझ्याशेजारी उभं राहायचं. तरच.

"येतो की," म्हणाले. इतक्या पटकन.

१५ मार्च, सकाळ

नव्या पेवाच्या काठावर बसून पेन्सिलीनं लिहितोय. याचं तोंड जरा रुंद आहे, पोशाख वरूनच घालायचा. कमरेपर्यंत चढवलाय, वरचा अजून नाही. हमाल दाभण घेऊन मागं उभा आहे. कंदील तासभर खाली ठेवून पाहिला, जळतो. साहेबांचा पत्ता नाही. कुणी म्हणतं, नाष्ट्याला सांगलीला गेलेत. कुणी म्हणतं, ताप आलाय.

कुसुमताई मात्र केव्हाच उतरल्या. मी म्हणालो, थांबा, ते येऊ देत. म्हणाल्या, "ते येणार नाहीत मास्तर. तुम्हालाही ठाऊक आहे."

आता खालून हाक मारतायत. "येताय ना?"

हमाल विचारतोय, "शिवू का?"