माझ्या हातचं सरपण

४ जानेवारी
अखेर चेनसॉ घेतला. केशरी, चकचकीत. सोबत हेल्मेट, जाळीचा चष्मा, जाड हातमोजे. काम करायचं तर थाटात करावं.

तीस वर्षं दूर दक्षिणेला, पुन्ता आरेनास शहरात नोकरी केली. तिथे थंडी वाजली की गॅसचं बटण फिरवायचं. निवृत्त होऊन चिलोए बेटावर परत आलो आणि दोन्ही हिवाळे बेलिसारियोच्या ट्रकमधून सरपण घेतलं. चिलोएचा माणूस आणि सरपण विकतचं! यंदा हे बंद. एप्रिलअखेर आमच्या लेकीला, यास्नाला, मुलगी होणार. जावई मासेमारीच्या बोटीवर, म्हणून जूनमध्ये ती बाळाला घेऊन अख्ख्या हिवाळ्यासाठी आमच्याकडे येणार. माझी नात माझ्या हातच्या सरपणावर शेकेल.

संकल्प: फेब्रुवारीअखेर शेड छतापर्यंत भरलेली.

नोल्फा म्हणाली, झालं, आता रोज तुझी बोटं मोजत बसते. बायकोचा पाठिंबा नसताना ज्यांनी कामं केली त्यांची यादी मोठी आहे.

८ जानेवारी
रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात सर्वांना सांगून टाकलं. बेलिसारियोला म्हटलं, बाबा रे, यंदा माझ्यासाठी सरपण राखू नकोस. तो म्हणाला, नीट विचार कर, नंतर सुकं मिळायचं नाही. धंदा बुडाला की माणूस असंच बोलतो. शेजारच्या एर्सिराबाई ऐकत होत्या. विधवा, सत्तरी उलटलेली. मन भरून आलं. त्यांनाही दोन गाड्या सरपण कबूल केलं. त्या म्हणाल्या, बघ हं ओनोफ्रे, मी वाट बघेन.

१५ जानेवारी
हेल्मेट घालून फोटो काढला. यास्नाला पाठवला. तिनं हृदयं पाठवली.
चेनसॉ सुरू होत नाही. माहितीपुस्तिका तीनदा वाचली. कारखान्यातलाच दोष असणार.

२३ जानेवारी
बेलिसारियो सहज डोकावला. चोक ओढला, दोरी खेचली, सुरू. म्हणाला, दादा, एवढंच असतं. मी म्हटलं, मला माहीत होतं, तुला येतं का ते बघत होतो. तो हसत हसत गेला. चांगला मुलगा आहे, पण खोचक.

१९ फेब्रुवारी
हा महिना जत्रांचा. या गावात मटण, त्या गावात शिंपल्या. नाही म्हणणं बरं दिसत नाही. शिवाय उन्हात लाकूड कापलं तर माणूस लवकर थकतो, हे शास्त्रीय आहे.
नवा संकल्प: मार्चअखेर.

१२ मार्च
नात झाली! मात्र वेळेआधी. इवलीशी. डॉक्टरांनी सांगितलंय, हिची छाती नाजूक, घर उबदार हवं आणि धूर अजिबात नको. यास्ना फोनवर रडत होती. म्हणाली, बाबा, तिथे जमेल ना? मी म्हटलं, पोरी, तुझ्या बापानं शब्द दिलाय.
आता गंमत संपली. उद्यापासून.

२ एप्रिल
अखेर आज कापलं! लोक मूर्ख आहेत. दूर रानात जाऊन लुमा आणि तेपू कापतात. दगडासारखी लाकडं, त्यातून तेपू वेडंवाकडं. आमच्या घरामागेच कानेलोची झाडं सरळसोट उभी आहेत. चेनसॉ लोण्यातून जावा तसा गेला. संध्याकाळपर्यंत सहा आडवी.
एर्सिराबाई कुंपणापाशी आल्या आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अरे मेल्या, हे औषधाचं झाड, जखम धुवायला याची साल उकळतात. चुलीत घातलंस तर रडशील. म्हातारी माणसं भावुक असतात. मी म्हटलं, तुमच्या दोन गाड्यांचं लक्षात आहे.

२१ एप्रिल
पाऊस. रास उघड्यावर होती, कारण शेडचं छप्पर गळतं, आणि छप्पर दुरुस्त करायचं तर आधी रास हलवावी लागेल. प्लॅस्टिक टाकलं. ते वाऱ्यानं बेलिसारियोच्या गोठ्यावर नेलं.
रास मात्र दिसायला देखणी. फोटो काढला.

९ मे
काही ओंडक्यांवर अळंबी उगवली आहेत. लाकूड जिवंत असल्याचं लक्षण.
नोल्फा म्हणाली, उरलेलं जुनं सरपण आठवडाभरही पुरायचं नाही, बेलिसारियोला विचार. विचारलं नाही. विचारलं, खरं तर. त्याच्याकडचं सगळं सुकं सरपण गेलंय. माझ्या वाटणीचंही. मी म्हटलं, छान, धंदा जोरात आहे तर!

१८ मे
चुलीत कानेलो घातलं. आधी फुसफुस, मग पाणी सुटलं, मग धूर. असा तिखट, की नोल्फा, मी आणि मांजर, तिघंही अंगणात. दोघं डोळे पुसत उभे होतो तेवढ्यात एर्सिराबाई रस्त्यानं गेल्या. मी सांगितलं, नातीची आठवण आली. त्या म्हणाल्या, हो, वासावरून कळलं.
धुराडं तुंबलं असणार. उद्या साफ करतो.

२० मे
धुराडं स्वच्छ आहे.

२६ मे
यास्नाचा फोन. म्हणाली, सगळं तयार ना, तिकीट काढू? मी म्हटलं, काढ की! नोल्फानं माझ्या हातातून फोन घेतला आणि बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल. मी म्हटलं, धूर. ती म्हणाली, आज चूल पेटवलीच नाहीये, ओनोफ्रे.
रात्री ती जेवली नाही. मलाही फारसं खाववलं नाही.

१ जून
नोल्फा सफरचंदाची दारू आणि पाव घेऊन घरोघर फिरतेय. म्हणजे कुणाचा तरी मिंगा ठरतोय. मिंगा म्हटलं की सगळी वस्ती एक दिवस हात लावायला येते आणि घरच्यांनी जेवू घालायचं. सरपणाचा मिंगा हल्ली विधवांसाठी होतो, नाहीतर अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. म्हणजे एर्सिराबाईच. त्या स्वतः मागणार नाहीत, म्हणून नोल्फा मागतेय.
जायलाच हवं. माझा दोन गाड्यांचा शब्दही त्यात पाळला जाईल. बेलिसारियोला म्हटलं, माझा चेनसॉ आणतो, किती वाजता? तो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, दादा, तू घरीच थांब.
माझ्या तब्येतीची काळजी. बरं वाटलं.

७ जून, शनिवार
हेल्मेट घालून, चेनसॉ घेऊन सकाळीच फाटकाशी उभा होतो. बेलिसारियोचा ट्रक आला आणि आमच्याच अंगणात वळला. मागे बैलगाडी. मागे आणखी माणसं. प्रत्येकानं आपापल्या शेडमधलं सुकं सरपण आणलेलं. शेवटी एर्सिराबाई, हातगाडी ढकलत, वाकड्यातिकड्या तेपूनं भरलेली.
सगळे थेट सरपण उतरवायला लागले. कुणी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. बेलिसारियो हळूच म्हणाला, हेल्मेट काढ दादा, कापायचं काही नाहीये.
दोघांनी छप्पर नीट केलं, बाकीच्यांनी शेड भरली. मी मदतीला गेलो की ज्याच्या त्याच्या हाताशी पुरेशी माणसं होती. नोल्फानं मला मिल्काओसाठी, म्हणजे बटाट्याच्या जाड भाकऱ्यांसाठी, बटाटे किसायला बसवलं. सगळे मान खाली घालून जेवले आणि माझ्या बटाट्यांची तारीफ केली.
जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

१२ जून
यास्ना आली. नात आली. एवढीशी मूठ. घरात कसली सुंदर ऊब, धुराचा मागमूस नाही. यास्नानं शेड पाहिली, छतापर्यंत भरलेली. माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, हे सगळं तुम्ही? आईला तर काळजी होती की जमणार नाही!
नोल्फा चुलीशी होती. तिनं वळून पाहिलं नाही.
मी म्हटलं, थोडी मदत झाली.
उद्या खरं काय ते सांगेन.

१५ जून
सांगणार होतो. बाळ झोपलं होतं.
दुपारी यास्ना खिडकीतून म्हणाली, बाबा, एर्सिराबाईंच्या धुराड्यातून धूर नाही. एवढ्या थंडीत! बिचाऱ्यांकडे सरपण नसेल. आपल्याकडे इतकं आहे, नेऊन देऊ या. मी म्हटलं, पाऊस येईल. ती म्हणाली, चला हो. तिनं स्वतः हातगाडी भरली. नेमकं पुढचं उचललं, तेपू. नोल्फानं बाळ घेतलं आणि माझ्या हातात माझी टोपी दिली.
एर्सिराबाईंनी दार उघडलं. अंगावर दोन शाली. यास्ना म्हणाली, बाबांनी कापलंय, तुमच्यासाठी आणलं. बाईंनी एक लाकूड उचललं, उलटंपालटं करून पाहिलं. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. आता सांगतील. सांगावंच, असंही वाटलं.
त्या म्हणाल्या, पोरी, तुझ्या बापाचं सरपण फार चांगलं आहे. खणखणीत सुकलंय. देव त्याचं भलं करो.
मग मला म्हणाल्या, ओनोफ्रे, तेवढं आत लावून दे, माझी कंबर धरलीय.
त्यांच्या शेडमध्ये गेलो. भिंतीपाशी बेताचीच रास होती, तिच्यात मधोमध हातगाडीभर रिकामी जागा होती. एकेक लाकूड तिथे लावलं. सगळी बरोबर मावली.