भरती असली तर जाईल

प्रिय जतीन,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलं. चौथीपर्यंत शाळेत तेवढं एक शिकले, बाकी विसरले. तुला फोन लावून लावून अंगठा झिजला. दर वेळी ती बाई गुजरातीत सांगते की नंबर बंद आहे. म्हणून कागद घेतला. परवा तलासरीच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसले होते, तिथे काकड्या नावाचा पोरगा भेटला. वेरावळला तुझ्याच बोटीवर खलाशी आहे म्हणाला, आई आजारी म्हणून आठ दिवस घरी आलाय. मला विचारतो, तुम्ही जतीनची बहीण काय, नाक सारखं आहे. म्हटलं, नाक सारखं आहे बाबा, अक्कल ज्याची त्याची. तोच हे पत्र आणील. पूर्ण वाच. अर्ध्यावर सोडायची तुझी सवय मला माहीत आहे, गोळ्यांचंही तू तेच केलंस.

बातमी एकच आहे. सुक्या मेला. गेल्या सोमवारी पहाटे. एकतीस वर्षांचा माणूस, उचलला तर भिजलेल्या जाळ्यापेक्षा हलका. तोंडात सगळं पांढरं झालेलं, शेवटचे चार दिवस पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. लाडकीकाकू, त्याची आई, चमच्याने ओठ ओले करायच्या आणि तो डोळ्यांनी नको म्हणायचा. बघायला येणारे नाकाला पदर लावून दारातूनच बघून जायचे. एड्स काय वासाने लागतो? याच बाया सडलेली कोलंबी हाताने निवडतात. मनिष गेला, रघ्या गेला, आता सुक्या. तुम्हा चौघांतला तू एकटा उरलास. उरलास म्हणजे काही पराक्रम केलास असं नाही.

तुम्ही चौघे मला सुकत घातलेल्या बोंबलांसारखे वाटायचात. जबड्यात जबडा अडकवून दोन-दोन लटकवायचे, एक काढला की दुसरा पडलाच. सुरुवात कशाने झाली ते मी विसरले नाही. जाळं ओढून कंबर दुखते म्हणे. अरे, कंबर माझी दुखत नव्हती? पाटी डोक्यावर घेऊन चिखल्यापासून घोलवडपर्यंत मी चालत होते तेव्हा तू चड्डीत फिरत होतास. आई गेल्यावर तुला वाढवलं ते याच कंबरेवर. पण मनिष तिकडे हायवेला पंक्चरच्या दुकानात होता, ट्रकवाल्यांच्या संगतीने त्याला ते दुखण्याचं इंजेक्शन कळलं, आणि तो ते घेऊन आला गावात, जसा काही प्रसाद. पहिल्यांदा कंबरेसाठी. मग झोप येत नाही म्हणून. मग काही नाही म्हणून. सुई एक, हात चार. आणि रघ्याची ती अक्कल, सुई खाडीच्या पाण्यात खळबळून घ्यायची. खाऱ्या पाण्यात काही जगत नाही म्हणायचा. मीठ लावलं की मासा सडत नाही, तशी सुई पण साफ होते. त्यावर तुम्ही तिघांनी माना हलवल्या. कोळ्याची पोरं तुम्ही. खाऱ्या पाण्यात काही जगत नाही, तर आपण जन्मभर विकलं काय?

मनिष पहिला गेला, त्याला तो रोगसुद्धा लागला नाही धड. एक दिवस जास्त भरलं आणि दुकानामागे टायरांच्या ढिगात बसल्या जागी संपला. सुई दंडातच होती. प्रेत तलासरीहून आणलं तेव्हा होड्या निघायची वेळ झाली होती. आपल्याकडे गावात मयत झाली की प्रेत उठेपर्यंत एक होडी पाण्यात जात नाही, ही रीत आपल्या आजोबांच्या आधीपासूनची. गोदूबाई नव्वदीची होऊन मेली, ऐन उधाणाचे दिवस, तरी सगळ्या होड्या वाळूत होत्या. पण मनिषच्या वेळी जाणती माणसं वडाखाली बसली आणि म्हणाली, हे मरण नाही, ही मस्ती. याला रीत लागत नाही. त्या बसलेल्यांत दोघांचे बाप दारूने लिव्हर सडून मेले होते. त्यांच्यासाठी होड्या थांबल्या होत्या, मी पाहिल्यात. दारू बाटलीतून जाते म्हणून ती मस्ती नाही, सुईतून गेलं की मस्ती. मला तेव्हा हे सगळं दिसत होतं आणि मी गप्प बसले. मलाही वाटत होतं, बरं झालं, बाकीचे तिघे तरी घाबरतील.

घाबरलात तुम्ही, पंधरा दिवस. तेवढ्यात ती मयुरा आली, दवाखान्यातली, चष्मेवाली पोरगी. गावात फिरून तिने तुमचं रक्त तपासायला नेलं. तिघांच्या रक्तात निघालं. मी तिला म्हटलं, किती दिवस आहेत यांचे ते सांग, म्हणजे मी तयारीला लागते. ती म्हणाली, काकू, रोज गोळी घेतली तर तुमच्याएवढा म्हातारा होईल हा. मी काय म्हातारी आहे? पण पोरगी खोटं बोलत नव्हती. वर्षभर दिवेलागणीला मी तुझ्यासमोर उभी राहून गोळी गिळायला लावली. शिव्या दिल्या असतील, पण गोळी चुकली नाही. तुझ्या अंगावर मांस आलं, तू पुन्हा आपल्या होडीवर जायला लागलास, सुईला हात लावला नाहीस. रघ्याला त्याच्या मामाने भगताकडे नेलं. भगत म्हणाला गोळ्यांनी अंगातली बाधा चिडते. झालं, गोळ्या उकिरड्यात आणि कोंबडा भगताच्या पोटात. सहा महिन्यांत त्याला टीबी झाला. सुक्या घ्यायचा तेव्हा घ्यायचा, नाही तेव्हा नाही, आणि मध्येच सुई. मयुरा त्याला नव्या सुया देऊन जायची. गावाने बोंब मारली, सरकारच व्यसन लावतं. मलाही आधी तसंच वाटलं. ती मला म्हणाली, काकू, सुटेपर्यंत जिवंत तर राहिला पाहिजे ना. तिने हेच गावात सांगितलं, तर सगळे आणखी जोरात बोंबलले.

आता रघ्याच्या दिवसाचं. ते तू विसरला नसशील आणि मीही नाही. रघ्या सकाळी गेला, प्रेत अंगणात होतं. वडाखाली पुन्हा तीच माणसं, पुन्हा तेच. होड्या निघाल्या. तुझे भावजी माझ्याकडे बघत उभे, त्या माणसाला आयुष्यात स्वतः काही ठरवता आलं नाही. मी म्हटलं, जा, बोंबील काय कोणाची वाट बघणार आहेत. तू म्हणालास, ताई, मी नाही जात, रघ्याला खांदा द्यायचाय. तर मी सगळ्यांच्या देखत तुला म्हणाले, त्याच्याबरोबर जायचं असेल तर तसंच चढ चितेवर, नाहीतर होडीत चढ. तू चढलास. रघ्याला चार खांदे मिळेनात, शेवटी हातगाडीवर नेला. त्या दिवशी मासळी भरपूर आली. संध्याकाळी वाळूवर जाळं झटकताना तू मला एक गोष्ट विचारलीस आणि मी तुला एक उत्तर दिलं. त्या रविवारी तू निघून गेलास. माळ्यावर गोळ्यांची अर्धी बाटली आणि दवाखान्याचं पुस्तक ठेवून गेलास. सात महिने झाले. लोकांना मी सांगते, भाऊ गुजरातेत मोठ्या बोटीवर आहे, चांगलं चाललंय.

गेल्या सोमवारी सुक्या गेला तेव्हा मला कळलं की आज पुन्हा वडाखाली तेच होणार. मी वडाखाली गेलेच नाही. बंदरावर गेले, आपल्या होडीत चढले, इंजिन सुरू करायचं हँडल काढलं आणि पदराखाली घालून घरी आणलं. पिठाच्या डब्यात खुपसून ठेवलं. भावजी आले ओरडत, हँडल कुठंय. म्हटलं, मयत आहे गावात, दिसत नाही? ते म्हणाले, सगळे निघालेत. म्हटलं, सगळे जाऊ देत. चाळीस होड्या गेल्या आणि वाळूत आपली एकटी, कुत्री तिच्या सावलीत येऊन बसली. जाणारे हसत होते. एकाने विचारलं, पुष्पाबाई, सुक्या कोण लागायचा तुमचा? मी म्हटलं, जाताना पाण्यात नीट बघ, खाऱ्या पाण्यात काही जगतं का ते सांग मला. त्याला काही समजलं नाही. समजेल असा तो नाहीच. लाडकीकाकू घरातून उठून बंदरावर आल्या. सुक्याला अंघोळ घालायला माणूस मिळत नाही हे सांगायला आल्या होत्या. वाळूत उभी होडी बघितली आणि तिच्या फळीला हात लावून उभ्या राहिल्या. मग आम्ही दोघींनी त्याला अंघोळ घातली. दंडावर जुन्या जखमांचे खड्डे होते, त्यात पाणी साचत होतं. खांदा द्यायला भावजी आले, तोंड वाकडं करून का होईना. मयुरा आली, दवाखान्यातला शिपाई आला, लाडकीकाकूंचा भाचा आला. चार झाले. पोरीने खांदा दिला म्हणून गाव आता आठवडाभर त्याच्यावरच बोलतंय, सुक्या मेला हे कोणाच्या लक्षातच नाही.

काकड्या सांगत होता, तू सुईला हात लावत नाहीस, पण खोकतोस, आणि पॅन्ट दोरीने बांधतोस. गोळ्यांचं विचारलं तर त्याला माहीतच नव्हतं. म्हणजे घेत नाहीस. मोठा शहाणा. पुस्तक या पत्राबरोबर पाठवलंय, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. मयुराने त्यात चिठ्ठी घातली आहे. तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखव, पुन्हा सुरू होतात म्हणाली, आणि टीबीची तपासणी आधी कर म्हणाली. सुके बोंबील पण आहेत. मालकाला वाटू नकोस, स्वतः खा.

हे पत्र मी शहाणपणा शिकवायला लिहिलेलं नाही, तुला शिकवून मी कधीचीच कंटाळले. त्या संध्याकाळी जाळं झटकताना तू विचारलंस, ताई, माझ्या वेळेला पण होडी जाईल का. आणि मी मान वर न करता म्हणाले, भरती असली तर जाईल. ते उत्तर मागे घ्यायला हे पत्र आहे. होडी नाही जाणार. पण ते तपासून बघायला मरू नकोस. मी तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी आहे, आधी माझा नंबर. आणि माझ्या दिवशी आपली होडी थांबवायला घरात कोणी नाही. तुझे भावजी बिचारे बघत उभे राहतील आणि कोणी जा म्हटलं की निघतील. हँडल कसं काढायचं ते तुला माहीत आहे. पिठाचा डबा चुलीच्या उजव्या हाताला असतो. तेवढ्यासाठी तरी जगून परत ये.

तुझीच, वाईट तोंडाची,
पुष्पाताई