सातव्या नंबरची चूक

प्रिय आत्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "माझा कंपायलर अजून कुणी वापरतं का गं?" आणि मी विषय बदलला.

जेवणाच्या टेबलावर बसून तू तो लिहिलास आणि जगाला फुकट वाटलास. माणसाने लिहिलेला प्रोग्राम तो मशीनला इतक्या झटपट समजावून द्यायचा, की दहा वर्षं लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. कुणाच्या प्रोग्रामने तो कोलमडलाच, तर "चूक माझी," म्हणून तू तो प्रोग्राम जपून ठेवायचीस आणि पुढची प्रत्येक आवृत्ती त्यावर तपासायचीस. त्यातला सातवा माझा, कॉलेजातला.

मग नवा कंपायलर आला आणि लोक तिकडे वळले. तो बनवणाऱ्यांत मीही आहे, हे सांगायला तीन वर्षं माझी जीभ रेटली नाही. तुझे ते अकराशे प्रोग्रामही आम्ही तपासणीसाठी जसेच्या तसे उचलले. तू सगळ्यांना मोकळीक दिलीच होतीस.

आज आमची नवी आवृत्ती सातव्यावरच आपटली. सगळे डोक्याला हात लावून बसले. मी गुपचूप तुझा जुना कंपायलर चालवला, तर तो क्षणात पार! भर ऑफिसात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

त्याने हे कसं साधलं म्हणून तुझा कोड उघडला. तिथे तुझी टीप होती: "हे माझ्या भाचीने मोडून दाखवलं. पोरगी पुढे जाणार."

तुझा तोडगा मी आमच्याकडे आणला. टीप खोडायला हात धजावेना, म्हणून तीही आणली.

तेव्हा परवाचं उत्तर: हो गं, वापरतात.

तुझी,
पुढे गेलेली भाची