घळीपासून सात पावलांवर

आदरणीय दादा,

धाकट्या शौथिएनचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला दक्षिणेच्या दमट हवेत वाढला तर नाही ना? इकडे आई ठीक आहे. शहाऐंशी पूर्ण झाली, दात चार उरले, मतं मात्र पूर्वी होती तेवढीच आहेत. आंबवलेल्या कोबीचा शेवटचा रांजण परवा संपला आणि शेतातलं बर्फ वितळून गेलं. पत्राला तसं खास कारण नाही. (आहे, पण ते ओघात येईल.)

तुम्हाला कळलं असेलच की जिल्ह्याने प्रत्येक गावाला काळी माती वाचवण्याचे आपापले नियम करायला सांगितलं आहे. आपल्या गावाचा मसुदा माझ्या गळ्यात पडला, कारण मी निवृत्त मास्तर आणि माझं अक्षर बरं. तालुक्याहून निंगबाई आल्या. वय तिशीचं, पण चिखलात आपल्या पुढे चालतात. त्यांनी लोखंडी नळी जमिनीत ठोकून मातीचा थर मोजला. आजोबा शानतोंगहून इथे आले तेव्हा काळी माती छातीइतकी खोल होती असं बाबा सांगायचे. (आजोबा केवढे उंच होते हे आता कुणालाच ठाऊक नाही.) आपल्या उतारावर ती एक वीत चार बोटं निघाली. त्याखाली पिवळी. मला फार लाज वाटली, दादा. आपल्या मातीत जेवणाच्या काड्या खोचल्या तरी पालवी फुटते, हे मी चाळीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलं आणि त्या चाळीस वर्षांत माती खाली वाहत होती.

तेव्हा मी त्वेषाने तीन नियम लिहिले. पहिला, सऱ्या उताराच्या दिशेने न पाडता उताराला आडव्या पाडाव्यात आणि घळीच्या तोंडाशी बांध घालावा. दुसरा, मक्याची ताटं शेतातच राहू द्यावीत. तिसरा, शेतातली माती कोणीही, कोणत्याही कारणाने, एक फावडंभरही उचलू नये. "कोणत्याही कारणाने" याच्याखाली मी दोन रेघा ओढल्या. गावाच्या सभेत म्हातारा फू (तोच, ज्याच्या बदकांनी तुमच्या लग्नात गोंधळ घातला होता) पहिल्या दोन नियमांवर तासभर भांडला. आडव्या सऱ्यांत ट्रॅक्टर वळवून वळवून त्याची मान मोडेल म्हणाला. दुसऱ्यावर तर उठून उभाच राहिला. "ताटं शेतात ठेवू, मास्तर. मग थंडीत निजायचा विटांचा खांग काय तुमच्या भाषणाने तापवायचा?" शेवटी निम्मी ताटं शेतात, निम्मी खांगच्या चुलीत असं ठरलं. तिसऱ्या नियमाला मात्र त्याने मुकाट्याने मान डोलावली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

त्यानंतर नवव्या दिवशी पितरांचा सण, छिंगमिंग, आला. मी दरवर्षीप्रमाणे डंपलिंग आणि दारू घेऊन बाबांच्या थडग्यावर गेलो, नमस्कार केला, आणि दरवर्षीप्रमाणेच शेजारच्या सरीतून काळी माती उचलून ढिगाऱ्यावर घातली. मुलाने थडग्यावर ताजी माती घालायची नाही तर काय करायचं? हात आपोआप चालतात. सहावं फावडं टाकताना मागून आवाज आला, "नियम तीन, मास्तर. खाली दोन रेघा." फू आपल्या काकूच्या थडग्यापाशी रिकाम्या हाताने बसला होता. त्याने या वर्षी माती घातली नव्हती. नियम मोडायचा नाही म्हणून नुसता बसून राहिला होता. माझ्या हातातलं फावडं खाली गेलं. दादा, त्या माणसाला मी आयुष्यभर हट्टी म्हणत आलो.

मग त्याने मला घळ दाखवली. गेल्या वर्षी ती बाबांपासून एकोणीस पावलांवर होती. आता सात. आपल्या सऱ्या सरळ खाली उतरतात, सगळं पाणी तिथेच पडतं, आणि मी बाबांवर माती चढवतो ती त्यांच्याच पायथ्याची. निंगबाईंनी पुन्हा येऊन दोरी धरून पाहिली. बांध जिथून जायला हवा तिथे नेमके बाबा आहेत.

दुसरी सभा आपल्याच घरी झाली, कारण गावात आपला खांग सगळ्यांत रुंद. मी म्हणालो, बांध थडग्याला वळसा घालून नेऊ. फू म्हणाला, "मग माझ्या काकूलाही वळसा. चाओच्या आजोबांनाही वळसा. तो बांध की साप?" शेवटी गोष्ट आली ती इथे. बाबा हलले तर सगळे आपापली थडगी वरच्या मुरमाड टेकाडावर, पॉपलरच्या झाडांच्या ओळीमागे हलवतील आणि नियम मंजूर होतील. बाबा नाही हलले तर कागद माझ्याच पेटीत राहील, आणि जुलैच्या पावसात घळ सात पावलं चालून येईल. मग निंगबाईंनी विचारलं, गावातून माती बाहेर जाते का? मी चहात पाहू लागलो. आई कोपऱ्यातून खणखणीत म्हणाली, "जाते की! आमच्या थोरल्याच्या फुलझाडांना. अकरा वर्षं झाली, दर शरदात एक पोतं!" पोती शिवून पाठवणारा कोण, हे तिने सांगितलं नाही. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

असो. इकडची एवढीच हकीकत. प्रकृतीला जपा, वहिनींना नमस्कार.

आपला धाकटा,
शौथिएन

ता. क. थडगं हलवायला थोरल्या मुलाची संमती लागते. मी आईला विचारलं, तिने बाबांच्या तसबिरीला विचारलं, आणि बाबा म्हणाले म्हणे, "थोरल्याला विचारा." मका पेरायला वीस दिवस आहेत. पत्राने संमती पाठवू नका, स्वतः या. पहिलं फावडं तुमचं असतं, आणि माझ्याने ते एकट्याने होणार नाही.

ता. क. २. येताना कुंड्यांतली माती घेऊन या. नव्या थडग्यावर घालायला शेतातली घेता येणार नाही, टेकाडावर नुसता मुरूम आहे, आणि बाबांना मुरमाखाली निजवणं मला बघवणार नाही. ती माती त्यांच्याच शेतातली आहे.

ता. क. ३. हे आई सांगते आहे, मी फक्त लिहितो. सगळी आणू नकोस म्हणते. एक कुंडी तिथेच ठेव. तू आता तिकडचाच झालास, पुढे तुझ्यावर घालायला लागेल. तिसऱ्या नियमाला हा अपवाद मी फूला अजून सांगितलेला नाही.