गिरणीत जेवायला

२८ एप्रिल, सोमवार

पोचलो. बेंगळुरू सोडल्यापासून अंग आंबलंय. दारात पाय ठेवला तर आईनं पहिलं माझे हातच धरले. मी सोडवून घेतले. म्हटलं, आधी आंघोळ करतो.

जेवायला भात नि वालाचं बिरडं. मी चमचा मागितला. आई हसली — "चमचा? सायेब झाला रं माझा हरेश." घरात एकच चमचा, साखरेच्या डब्यातला. तो धुऊन दिला.

चमचा का मागितला ते इथं लिहितो. वहीशी तरी खरं. बोटांच्या बेचक्यातली कातडी निघालीय. दहा-दहा तास साबणाच्या पाण्यात हात. मीठ-मिरची लागली की जीव जातो. घरी सांगितलंय की मी हॉटेलात कॅप्टन आहे. कॅप्टन म्हणजे काळा कोट घालून ऑर्डर घेणारा. मी मागच्या बाजूला सिंकवर असतो. तीन वर्षं झाली. नववी नापासच्या हातात इंग्रजी मेनू कोण देणार?

पहिल्या महिन्यात एका कॅप्टनचा कोट खुंटीला होता. घालून फोटो काढला, आईला पाठवला. गंमत म्हणून. आईला गंमत वाटली नाही, तिला खरं वाटलं. तिनं आमच्या सगळ्या पोशीर गावाला दाखवला. बाबा गेल्यापासून तिला असं दाखवायला काही नव्हतं. मग मला माघारी येता आलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

प्रवीणचा फोन. प्रवीण म्हणजे संजनाचा भाऊ. संजनाचं स्थळ मला आलंय. खालापूरकडचे लोक ते. हा कुंभिवलीला कंपनीत सुपरवायजर आहे आणि ते विसरू देत नाही. म्हणाला, "पाव्हणं, घरी चहा-पोहे खूप झाले. रविवारी दुपारी तुमच्याकडं ती गिरणी झालीय ना, तिथं बसू. तुमी हॉटेल लायनीतले, ऑर्डर तुमीच द्यायची. बघू तरी कॅप्टन कसा असतो."

हसत बोलला. पण बघायचंच आहे त्याला.

आईला सांगितलं, गिरणीत जेवायला जायचंय. आई म्हणाली, "गिरणीत? कांडपाला न्यायचं का जेवायला?" ती भाताची गिरणी बंद पडून सहा-सात वर्षं झाली. मुंबईच्या कोणीतरी घेतली, तिथं झकपक रेस्टॉरंट काढलंय. शनिवार-रविवार गाड्या रस्त्यापर्यंत लागतात. आई समोरून शंभर वेळा गेली असेल, आत कधी गेली नाही.

२ मे, शुक्रवार

संजनाला आज खरं सांगायचं ठरवलं होतं. फोन केला. तिनं विचारलं, रविवारी कुठला शर्ट घालणार. पांढरा, म्हटलं. तेवढंच बोललो.

तो कोटातला फोटो तिच्या फोनमध्ये आहे. तिनंच सांगितलं मागं. स्थळ त्याच्यावरच आलं. साखरपुडा ठरायच्या आत सांगायला हवं. नंतर सांगणं म्हणजे फसवणूक. आधी न सांगणं म्हणजे काय मग?

४ मे, रविवार

काय लिहू. सगळं लिहितो.

आई चापूनचोपून नऊवारी नेसली होती. आत शिरली आणि थांबलीच. भिंती तशाच ठेवल्यात, पोपडे निघालेल्या. भात ओतायचं लोखंडी तोंड मधोमध उभं, त्यात झाडं लावलीत. वर पट्टा फिरायचा तिथं दिवे. आई वेटरला म्हणाली, "बाबा, इथं माझी बारी यायची. तिथं काटा होता. आणि मागं कोंड्याचा ढीग. आता कोंडा कुठं टाकता?" वेटर बिचारा म्हणाला, "मॅडम, कोंडा मेनूत नाही." संजना इतकी हसली की मला बरं वाटलं. तेवढंच बरं वाटलं आज.

मेनू आला. जाड कागद, बारीक इंग्रजी. प्रवीण माझ्याकडं बघत होता. मी ताठ बसलो. सिंकवर येणाऱ्या ताटांवरून पदार्थ ओळखतो मी, नावं वाचून नाही. मेनू मिटला आणि वेटरला म्हटलं, "इथलं चांगलं काय असेल ते आणा." प्रवीण म्हणाला, "वा, याला म्हणतात कॅप्टन." घाम फुटला होता मला.

काळ्या दगडासारख्या मोठ्या ताटल्या आल्या. मध्ये मुठीएवढं अन्न. वालाचं बिरडं टोस्टवर. नाचणीच्या भाकरीचे त्रिकोण. आई म्हणाली, "चव हाय. पण हे जेवण झालं की चाखणं?" प्रवीण हसला, पण वेगळं हसला.

जेवण झालं. गर्दी फार, ताटल्या कोणी उचलायला येईना. आईचं चित्त थाऱ्यावर नाही. आमच्याकडं जेवलेल्या ताटापुढं हात वाळवत कोणी बसत नाही. आपलं उष्टं आपण उचलायचं, विसळायचं. तिनं दोनदा मागं वळून बघितलं, जिथं कोंड्याचा ढीग असायचा त्या दाराकडं. आता तिथं अर्धं फळकुटाचं दार आहे, आत मोरी. मग उठली. तिची ताटली, माझी, त्यावर संजनाची, त्यावर प्रवीणची. उचलल्या आणि चालायला लागली.

प्रवीण अर्धा उठला. "अवो मावशी, काय करता? मुलाची आय मुलीकडच्यांची उष्टी उचलते काय? आमच्या आयला कळलं तर मला घरात घेणार नाय." आईनं ऐकलंच नाही. ती दाराआड गेली. आजूबाजूच्या टेबलांवरचे मुंबईवाले बघायला लागले. एक बाई हळूच, "सो स्वीट" म्हणाली. प्रवीण बसला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "काय कॅप्टन, तुमच्या हॉटेलात पण पाव्हणेच भांडी उचलतात वाटतं?"

मी उठलो.

आत आई सिंकजवळ उभी. सिंकवर एक माणूस, चाळिशीचा असेल, कोपरापर्यंत फेस. आई वाकून त्याच्याशी हळू काहीतरी बोलत होती. तिच्या हातातल्या ताटल्या त्यानं घेतल्या होत्या.

आणि मी ओरडलो. आईवर नाही, त्याच्यावर. "पगार कशाचा घेतो रे? बाईमाणूस ताटं घेऊन आत येतं आणि तू गप्पा मारतो? माझ्या हाताखाली असतास ना, आत्ताच्या आत्ता घरी पाठवला असता."

हे शब्द माझे नव्हते. बेंगळुरूला आमचा किचनवाला साहेब मला हिंदीतून हेच बोलतो. पाठ झालेत. तेच मी मराठीत बोललो, त्याच्याच आवाजात, कमरेवर हात ठेवून.

आणि टेबलावरची ताटं उचलणं हे सिंकवाल्याचं काम नसतंच! तो बाहेर येऊच शकत नाही, येऊ देत नाहीत. हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

मॅनेजर धावत आला. "शुक्रा, सॉरी बोल साहेबांना." तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. मग माझ्या कमरेवरच्या हातांकडं बघितलं. मी हात खिशात घातले. तो म्हणाला, "चुकलं, सायेब." फेस ठिबकत होता त्याच्या कोपरावरनं.

आई एवढंच म्हणाली, "चल." वळलो तर अर्ध्या दाराशी संजना उभी. कधी आली कळलं नाही.

बाहेर प्रवीण खूश. सगळं ऐकू गेलं होतं त्याला. पाठीवर थाप मारली. "असा पायजे. आमच्या कंपनीत पण असंच सरळ करावं लागतं लोकांना." निघताना आईला म्हणाला, "मावशी, मेमध्येच साखरपुडा उरकून टाकू."

घरी आल्या आल्या आईनं नऊवारी बदलली आणि चूल पेटवली.

५ मे, सोमवार

प्रवीणचा फोन, घरचे सगळे तयार आहेत. अभिनंदन म्हणाला. मी थँक्यू म्हटलं.

संजनाचा फोन नाही. मेसेज टाकला, बघितलाय. उत्तर नाही.

६ मे, मंगळवार

आई नेहमीसारखीच वागते. भात वाढते, चमचा ठेवते. बोलत नाही त्याबद्दल. म्हटलं, "आई, परवाचं..." ती म्हणाली, "जेव." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

झोपलो की तो फेस दिसतो. मला बोलणी बसतात तेव्हा मी कुठं बघतो? नळाकडं. तो नळाकडं बघत नव्हता. माझ्या हातांकडं बघत होता. कळलं असेल का त्याला? भांडी घासणाऱ्याचे हात भांडी घासणाऱ्याला कळत नाहीत, असं कसं होईल?

ओरडताना मला बरं वाटलं होतं. हे कोणाला सांगता येणार नाही. दोन मिनिटं मी खरंच कॅप्टन होतो.

७ मे, बुधवार

गिरणीपर्यंत सायकल नेली. फाटकावरून परत आलो.

८ मे, गुरुवार

आज गेलो. दुपारी तीनला, गिऱ्हाईक नसताना. तो मागच्या पायरीवर बसून डबा खात होता. मला बघून उभा राहिला, हातात भाकरी तशीच. म्हणाला, "कायतरी चुकलं काय सायेब परत?"

म्हटलं, "बसा शुक्रादादा. सायेब नका म्हणू."

बसला नाही. मग मीच पायरीवर बसलो. तेव्हा तो टेकला, दोन हात लांब. मी बोलायचं पाठ करून गेलो होतो, त्यातलं काही आठवेना. नुसते हात पुढं केले. पालथे, मग उताणे.

त्यानं बघितले. म्हणाला, "म्हायीत हाय मला."

"कसं?"

"तुमच्या आयनं सांगितलं. ताटल्या दिल्या नि माझे हात बघितले. म्हणाली, माझा पोरगा पण तिकडं लांब हेच काम करतो, त्याचे पण असेच झालेत, मला बोलत नाय. तू काय लावतोस रं, सांग, मी त्याला देते. मी सांगतच होतो, तेवढ्यात तुमी आलात."

म्हणजे मी ओरडत होतो तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. आईलाही. पाहुण्यांसमोर तो एक शब्द बोलला असता तर मी तिथंच संपलो असतो. आणि तो चुकलं म्हणाला.

विचारलं, का नाही बोललात. तो भाकरी मोडत म्हणाला, "ती माऊली समोर उभी होती ना."

नोकरी राहिली का विचारलं. म्हणाला, राहिली. ठाकूरवाडीहून रोज येतो, एक दिवसाची मजुरी कापली. मी खिशात हात घातला. तो म्हणाला, "ते नको." मग जरा थांबून, "खोबरेल लावायचं. पण पाण्यात हात घालायच्या आधी. नंतर लावून उपेग नाय. समदे नंतर लावतात."

घरी आलो. आईनं काही ठेवलंय का म्हणून माझ्या बॅगेत कपड्यांच्या खाली बघितलं. खोबरेलची बाटली. फडक्यात गुंडाळलेली, तोंडाला दोरा बांधलेली. कधी ठेवली कोण जाणे. रविवारीच ठेवली असणार.

मागचं सगळं उलगडत गेलं मग. आल्यापासून माझ्या ताटात लिंबू नाही, लोणचं नाही. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आज चमचा बाजूला ठेवला आणि हातानं जेवलो. आग झाली. आई माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "कधी सांगणार व्हतास?" म्हटलं, "तुला कधी कळलं?" म्हणाली, "मागल्या गणपतीला आलास तवाच. कोटवाल्याचे हात असे नसतात."

"मग फोटो का दाखवत राहिलीस?"

"तू पाठवलास म्हणून."

९ मे, शुक्रवार

सकाळी आईसमोर बसून संजनाला फोन लावला, स्पीकरवर. तिनं उचलला. म्हटलं, मी कॅप्टन नाही, भांडी घासतो. तीन वर्षं तेच करतो. तो कोट दुसऱ्याचा होता.

 म्हणाली, "भांडी घासतोस त्याचं काय नाय. पण मग त्या माणसावर कसा ओरडलास रं?"

ती वाट बघत होती. आईही.